कॉम्प्युटर सायन्सची डिग्री नेमकी कशासाठी?

दहावी-बारावीचे निकाल लागले की आम्हा शिक्षकांकडे एक प्रश्न हमखास येतो. "सर, पोराला कॉम्प्युटरमध्ये टाकायचंय. कुठला कोर्स बरा?" विचारणारे कधी पॉवरलूमवर काम करणारे असतात, कधी फळांचा गाडा लावणारे, कधी गॅरेजवाले, कधी स्वतः शिक्षक. प्रश्न सगळ्यांचा एकच, पण "कॉम्प्युटर" या शब्दातून प्रत्येकाच्या मनात वेगळंच काही उभं राहतं. कुणाला टॅली दिसतं, कुणाला मोबाईल दुरुस्ती, कुणाला पुण्यातली काचेची इमारत आणि गळ्यात ओळखपत्र घातलेला भाचा. आणि अलीकडे त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्नही येतो: "आता तर एआयच प्रोग्राम लिहितं म्हणे. मग तीन-चार वर्षं आणि एवढी फीस कशाला घालवायची? सहा महिन्यांचा क्लास पुरे नाही का?"

प्रश्न रास्त आहे. ज्या घरात एका मुलाच्या फीससाठी दुसऱ्याचं शिक्षण थांबतं, त्या घराने तो विचारलाच पाहिजे. त्याचं उत्तर द्यायचं तर आधी हे समजून घ्यावं लागेल की विद्यापीठ या विषयात नेमकं काय शिकवू पाहतं. कॉलेजच्या जाहिरातीत ते लिहिलेलं नसतं. तिथे फक्त प्लेसमेंटचे फोटो असतात.

आधी एक फरक स्पष्ट करू. कॉम्प्युटर वापरता येणं ही एक गोष्ट, कॉम्प्युटरवर प्रोग्राम लिहिता येणं ही दुसरी, आणि कॉम्प्युटर सायन्स ही तिसरी. पहिलीसाठी आपल्या राज्यात २००१ पासून एमएस-सीआयटी आहे आणि त्याने आपलं काम चोख केलं. दुसरीसाठी क्लास आहेत, यूट्यूब आहे, जिद्दी मूल घरी बसूनही बरंच शिकतं. तिसरी मात्र वेगळ्या जातीची आहे. एखादा प्रश्न मशीनला सोडवता येईल अशा रूपात कसा मांडायचा, तो सोडवायच्या अनेक रीतींपैकी कुठली बरी हे कसं ओळखायचं, आणि कुठले प्रश्न कुठल्याच मशीनला सुटणार नाहीत, हे शिकवणारं ते शास्त्र आहे. त्यात कॉम्प्युटर जितका आहे, तितकंच गणित आहे.

आमच्या वर्गात हे सांगताना आम्ही एका नावापासून सुरुवात करतो. नवव्या शतकात बगदादच्या बैतुल हिकमामध्ये मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिज्मी हे गणिती काम करत. त्यांच्या पुस्तकाच्या नावातल्या "अल-जब्र" या शब्दातून अल्जेब्रा हा शब्द आला आणि त्यांच्या स्वतःच्या नावाच्या लॅटिन रूपातून "अल्गोरिदम". हे आपल्याकडे व्याख्यानांत नेहमी सांगितलं जातं, टाळ्या पडतात आणि विषय संपतो. पण त्या पुस्तकात होतं काय, हे कुणी सांगत नाही. त्याचा एक मोठा भाग वारसा आणि वसीयत यांच्या हिशोबाचा आहे. कुणाच्या मागे बायको, दोन मुली, एक भाऊ राहिला, शिवाय कर्ज आहे आणि वसीयतही आहे. मग कुणाला किती? प्रत्येक घर वेगळं, पण रीत एक हवी. आधी हे वजा करा, मग ते पाहा, अमुक वारस असेल तर तमुकाचा हिस्सा बदलेल, नसेल तर पुढच्या पायरीवर जा. ज्याने फराइजचा हिशोब करताना एखाद्या आलिमांना पाहिलंय, त्याने अल्गोरिदम पाहिलाय. पायऱ्या ठरलेल्या, क्रम ठरलेला, कोणीही केलं तरी उत्तर तेच. आणखी एक गोष्ट सांगायला हवी: ख्वारिज्मींचं दुसरं प्रसिद्ध पुस्तक हिंदुस्थानी अंकपद्धतीवरचं आहे. म्हणजे शून्यासह जे अंक आपण बालवाडीत गिरवतो, ते इथूनच बगदादला गेले आणि तिथून युरोपात.

यादीत नाव शोधायचं आहे

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. मतदार यादीत १० लाख नावं आहेत आणि त्यात एक नाव शोधायचं आहे. पहिल्या नावापासून सुरू केलं तर नशीब खराब असल्यास १० लाख नावं बघावी लागतील. पण यादी अकारविल्हे लावलेली असेल तर? बरोबर मधलं पान उघडा. आपलं नाव त्याच्या आधी येतं की नंतर ते बघा. अर्धी यादी बाद. उरलेल्या अर्ध्याचं मधलं पान उघडा. पुन्हा अर्धी बाद. असं करत गेलात तर १० लाख नावांत जास्तीत जास्त २० वेळा बघून काम होतं. खोटं वाटत असेल तर १० लाखाला २ ने भागत जा आणि मोजा.

पण मग यादी अकारविल्हे लावायची कशी? शेजारशेजारची दोन-दोन नावं बघून चुकीच्या क्रमाची असली तर अदलाबदल करायची, आणि सगळी नीट लागेपर्यंत हे करत राहायचं, ही सगळ्यात सोपी रीत. ती कुणालाही सुचते. १० लाख नावांना या रीतीने साधारण १० लाख गुणिले १० लाख इतक्या पायऱ्या लागू शकतात. सेकंदाला १० कोटी तुलना करणारं मशीन धरलं तरी पावणेतीन तासांच्या आसपास जातात. दुसरी रीत अशी: यादीचे दोन भाग करा, प्रत्येक भाग वेगळा लावून घ्या, मग लावलेले दोन भाग एकत्र मिसळा, आणि ते भाग लावतानाही हीच युक्ती वापरा. तिला सुमारे २ कोटी पायऱ्या लागतात. तेच मशीन हे काम सेकंदाच्या पाचव्या हिश्शात करतं.

मशीन तेच, नावं तीच. फरक फक्त विचाराचा. महागडा कॉम्प्युटर घेऊन जे साधत नाही, ते चांगल्या रीतीने साधतं. दुसऱ्या वर्षाला "डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदम" नावाचा विषय असतो, त्यात हेच शिकवलं जातं आणि मोठ्या कंपन्यांच्या मुलाखतीत सगळ्यात जास्त प्रश्न यावरच येतात. आमच्या ओळखीची मुलं हा विषय "बोअर" म्हणून सोडतात आणि वेबसाइट बनवायच्या मागे लागतात. वेबसाइट बनते. पण हजार लोक एकदम आले की ती झोपते, आणि का झोपली हे त्यांना कळत नाही.

शेख, मोहम्मद आणि एक जुनी रीत

दुसरं उदाहरण आपल्या घरचं आहे. शाळेत कागदपत्रांचं काम केलेल्या कुठल्याही शिक्षकाला विचारा, आमच्या मुलांचं सर्वात मोठं दुखणं कोणतं? नाव. टीसीवर एक, आधारवर दुसरं, बँकेच्या पासबुकावर तिसरं. एकाच मुलाचं "शेख" इंग्रजीत कुठे एस-एच-ए-आय-के-एच असतं, कुठे एस-एच-ई-आय-के-एच, कुठे शेवटचा एच गायब, आणि मराठवाड्यात तर नुसतं "एसके". मोहम्मदची स्पेलिंग मोजायला बसलं तर दोन्ही हातांची बोटं कमी पडतील, त्यात "एम-ओ-एच-डी" हे छोटं रूप वेगळंच. स्कॉलरशिपचा फॉर्म भरला की कॉम्प्युटर म्हणतो, नाव जुळत नाही. मग अ‍ॅफिडेव्हिट, मग गॅझेट, मग तहसीलला चकरा. वडिलांचे चार दिवसांचे कामाचे खाडे होतात ते वेगळेच.

माणसाला एका नजरेत कळतं की हा तोच मुलगा. मशीनला का कळत नाही? कारण मशीन अक्षरं जुळवतं, माणूस आवाज जुळवतो. मग मशीनला आवाज जुळवायला शिकवता येईल का? हा प्रश्न नवा नाही. अमेरिकेत १९१८ मध्ये साउंडेक्स नावाच्या रीतीचं पेटंट घेतलं गेलं, कॉम्प्युटर यायच्या कितीतरी आधी. रीत सोपी आहे. नावाचं पहिलं अक्षर ठेवायचं. पुढचे स्वर सोडायचे, एच, डब्ल्यू, वाय सोडायचे. उरलेल्या व्यंजनांना आवाजाच्या गटाप्रमाणे अंक द्यायचे: एम आणि एनला ५, डी आणि टीला ३, के-एस-जी वगैरेंना २, असं. एकाच अंकाची दोन अक्षरं लागून आली तर एकच धरायचं. एकूण तीन अंक झाले की थांबायचं, कमी पडले तर शून्य भरायचे.

आता आपली नावं घालून बघू. शेखची वर दिलेली तिन्ही लांब स्पेलिंग घ्या. तिघांचाही कोड येतो एस२००. झाली की पंचाईत दूर! मोहम्मद ओ घालून लिहा, यू घालून लिहा, एक एम घाला की दोन, शेवटी ए-डी लिहा की ई-डी, सगळ्यांचा कोड एम५३०. वा! पण आता "एसके" घाला. एस आणि के दोघेही २ च्याच गटातले आणि लागून आलेले, म्हणून के गळतो आणि कोड येतो एस०००. "एम-ओ-एच-डी" घाला, तर मधला एमच नसल्याने कोड येतो एम३००. म्हणजे रीत चालली, पण जिथे आपली माणसं नाव आखडून लिहितात तिथेच ती पडली. आणि यात आश्चर्य काही नाही, कारण ती अमेरिकेतल्या इंग्रजी वळणाच्या नावांसाठी बनवली होती. बनवणाऱ्यासमोर शेख नव्हते.

आम्ही हे एवढं लांबवलं, कारण कॉम्प्युटर सायन्सच्या शिक्षणाचा जवळपास सगळा मकसद या एका उदाहरणात आहे. आधी गोंधळाच्या प्रश्नातून नेमका प्रश्न वेगळा काढायचा: "नाव जुळत नाही" नव्हे, तर "एकाच उच्चाराची वेगवेगळी लेखनं एकत्र कशी आणायची". मग त्यासाठी पायऱ्या बांधायच्या. मग त्या पायऱ्या कुठे मोडतात ते मुद्दाम शोधायचं, स्वतःच्या कामाला स्वतःच वाईट उदाहरणं घालून. आणि शेवटी विचारायचं, मोडल्या तर भरपाई कोण करतो? इथे तहसीलला चकरा मारणारा बाप करतो. क्लासमध्ये पहिल्या दोन गोष्टी थोड्याफार येतात. शेवटच्या दोन क्वचितच.

याच संदर्भात फॉर्मची गोष्ट. मराठवाड्यात, खान्देशात आपल्याकडे नाव "शेख अमुक शेख तमुक" असं लिहितात, म्हणजे शेख पुढे आणि वडिलांचं नाव शेवटी. फॉर्म म्हणतो: पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव, तिन्ही सक्तीचे. मग कुणी शेखला पहिलं नाव करतं, कुणी आडनाव, आणि एका घरातल्या दोन भावंडांची आडनावं कागदावर वेगळी होतात. कोकणात परकार, मुकादम अशी आडनावं शेवटी येतात, त्यांचं निभावतं. हा फॉर्म कुणी दुष्टाव्याने बनवलेला नसतो. बनवणाऱ्याने आपल्या घरातली नावं डोळ्यांसमोर ठेवली, बस्स. उद्या त्या टेबलावर मालेगावची किंवा बीडची एखादी मुलगी बसलेली असेल, तर ती पहिल्याच दिवशी विचारेल, "ही चौकट सक्तीची का?"

बनवणारा आणि चालवणारा

उर्दू वाचणाऱ्या घरांना आणखी एक उदाहरण जवळचं वाटेल. आमच्या लहानपणी उर्दू वर्तमानपत्रं कातिब हाताने लिहीत असत. इंग्रजी आणि मराठी केव्हाच छापील टाइपवर गेल्या होत्या, उर्दू मात्र कातिबच्या कलमावर अडलेली. कारण नस्तालीक लिपी. त्यात "बे" हे अक्षर शब्दाच्या सुरुवातीला एक रूप घेतं, मध्ये दुसरं, शेवटी तिसरं. आणि शब्द सरळ रेषेत न चालता उजवीकडून डावीकडे उतरत येतो. प्रत्येक अक्षराचा एक ठसा करून भागत नाही. १९८१ मध्ये पाकिस्तानात नूरी नस्तालीक आलं. मिर्झा अहमद जमील या खुशनवीसांनी अक्षरांच्या जोडण्याच हजारोंच्या संख्येने लिहून काढल्या आणि मशीन त्या जोडण्या उचलू लागलं. पुढे १९९४ मध्ये आपल्याकडे इनपेज आलं आणि गल्लीगल्लीत उर्दू डीटीपीची दुकानं उघडली.

इनपेज चालवणं हा हुनर आहे, त्यावर अनेक घरं चालली. पण इनपेज बनवणं हे वेगळं इल्म आहे. आणि इनपेजमध्येही एक गोची होती: जुन्या फायलीतला मजकूर उचलून दुसरीकडे टाकला की कचरा दिसे. मराठीतही जुन्या डीटीपी फॉन्टची हीच रड होती. कारण कॉम्प्युटर अक्षर साठवत नाही, अंक साठवतो, आणि कुठल्या अंकाला कुठलं अक्षर म्हणायचं हे जो तो आपापलं ठरवत होता. १९९१ पासून युनिकोड आलं, जगभरच्या लिपींना एकच क्रमांक-वही मिळाली, म्हणून आज हा लेख तुमच्या मोबाईलवर सरळ दिसतो आहे.

आम्ही कधी कधी मुलांना विचारतो, "शिक्षक" या शब्दात अक्षरं किती? मुलं म्हणतात तीन. कॉम्प्युटर म्हणतो सहा: श, इकाराची खूण, क, हलंत, ष, क. आणि गंमत म्हणजे लिहिताना इकार डावीकडे दिसतो, पण साठवताना तो श च्या नंतर येतो. दोघेही बरोबर आहेत, मोजणी कशाची करतोय त्यावर आहे. एकाच गोष्टीचं दिसणं वेगळं आणि साठवणं वेगळं, हा धडा ज्याला एकदा नीट कळला त्याला पुढे डेटाबेस, चित्रं, आवाज, नकाशे सगळ्यात तो उपयोगी पडतो. इनपेजची आवृत्ती बदलली तरी तो धडा बदलत नाही. विद्यापीठ टूल शिकवत नाही अशी तक्रार पालक करतात. खरं आहे, कमी शिकवतं. टूल चार वर्षांत जुनं होतं. इन्फोसिससारखी कंपनी नव्या मुलांना म्हैसूरच्या आवारात नेऊन काही महिने स्वतःच कामाची साधनं शिकवते. पाया मात्र कंपनी शिकवत नाही, तो घेऊनच यावं लागतं.

हा वाद विषयाइतकाच जुना आहे. केंब्रिज विद्यापीठाने १९५३ मध्ये कॉम्प्युटरचा डिप्लोमा सुरू केला, अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात १९६२ मध्ये स्वतंत्र विभाग निघाला. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६० मध्ये टिफ्रॅक हे मशीन स्वतः बांधून चालू केलं, आणि १९६३ मध्ये आयआयटी कानपूरला आयबीएम १६२० आलं तेव्हा त्याभोवती शिकवणं सुरू झालं. तेव्हापासून भांडण हेच: हे गणित आहे, इंजिनिअरिंग आहे की धंद्याचं शिक्षण? अमेरिकेतल्या एसीएम या संघटनेने १९६८ मध्ये पहिला मोठा नमुना अभ्यासक्रम दिला, त्यात गणिताचा भार जड होता. तेव्हापासून साधारण दहा-दहा वर्षांनी तो नव्याने लिहिला जातो. सीएस २०२३ या ताज्या नमुन्यात एकूण १७ ज्ञानक्षेत्रं आहेत. त्यात एआय आहे, सुरक्षा आहे, गणित आणि संख्याशास्त्र आहे, आणि "समाज, नीती आणि व्यवसाय" हेही एक स्वतंत्र क्षेत्र आहे. आपल्याकडचे विद्यार्थी ते शेवटचं परीक्षेच्या आदल्या रात्री वाचतात.

नीतीचा विषय का, याला एक दुःखद उत्तर आहे. १९८५ ते १९८७ दरम्यान अमेरिका आणि कॅनडात थेराक-२५ नावाच्या कॅन्सरवरच्या रेडिएशन मशीनने सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर मारा दिला, त्यातले काही दगावले. आधीच्या मशीनमध्ये धोका झाला तर रोखणारे यांत्रिक अडसर होते. या मशीनमध्ये ते काढून सगळा भरवसा सॉफ्टवेअरवर टाकला होता. आणि त्यातली एक गडबड ऑपरेटरने एका ठराविक क्रमाने, भराभर बटणं दाबली तरच होई, म्हणून तपासणीत ती सापडत नव्हती. रुग्ण सांगत होते की भाजलं, आणि स्क्रीनवरून खरा मारा किती बसला ते कळत नव्हतं. प्रोग्राम "चालतो" म्हणजे तो बरोबर आहे असं नाही, हे ज्या मुलाच्या हाडीमाशी भिनलं, त्याची डिग्री कामी आली असं आम्ही म्हणू.

मग एआयचं काय?

एआय कोड लिहितं, हे खरं आहे. आणि बऱ्यापैकी लिहितं. शंभर ओळींचा सरधोपट प्रोग्राम लिहून देणाऱ्या माणसाची गरज कमी होते आहे, हेही लपवण्यात अर्थ नाही. पण वरच्या उदाहरणांकडे परत बघा. नाव जुळवायचा प्रोग्राम एआय काही क्षणांत लिहून देईल. तो "एसके"वर मोडतो हे तपासायचं कुणाला सुचेल? १० लाख नावांवर तो पावणेतीन तास घेईल की सेकंदभर, हे चालवण्याआधी कोण सांगेल? थेराकसारख्या मशीनमध्ये तो घालावा की नाही, यावर सही कोण करेल? जे काम हलकं होतंय ते मुख्यतः सहा महिन्यांच्या क्लासचं काम आहे. जे उरतंय ते पायाचं आहे. म्हणून "एआय आलं, आता डिग्री कशाला" हे वाक्य आम्हाला उलटं वाटतं. एआय आलं म्हणून नुसत्या क्लासची भीती जास्त वाटायला हवी.

एक सीमाही सांगून ठेवतो. अ‍ॅलन ट्युरिंग या इंग्रज गणितीने १९३६ मध्येच, खरे कॉम्प्युटर बनायच्या आधी, सिद्ध करून ठेवलं की काही प्रश्न असे आहेत जे कुठलंही मशीन सोडवू शकत नाही. कुठलाही प्रोग्राम हातात दिला की तो कधी थांबेल की कायम फिरत राहील, हे दर वेळी अचूक सांगणारा एक प्रोग्राम बनूच शकत नाही. मशीन कितीही मोठं करा. हे शेवटच्या किंवा त्याआधीच्या वर्षाला शिकवतात.

अर्थात प्रत्येक मुलाने डिग्रीच करावी असं आमचं म्हणणं नाही. घरात तातडीने कमाई हवी असेल, मुलाचा हात हार्डवेअर-नेटवर्किंगकडे असेल, तर आयटीआय किंवा दहावीनंतरचा तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा हा इज्जतीचा रस्ता आहे. डिप्लोमातून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं, म्हणजे दार बंद होत नाही. आणि ज्या कॉलेजात प्रयोगशाळेला कुलूप असतं, प्रोजेक्ट बाहेरून विकत आणून जमा होतात, तिथली चार वर्षांची डिग्री ही चांगल्या क्लासपेक्षा वाईट सौदा आहे. डिग्रीचा मकसद चांगला असून भागत नाही, कॉलेजनेही तो पाळायला हवा. म्हणून प्रवेशाआधी कॉलेजला जाऊन यावं, आणि ऑफिसात नव्हे, शेवटच्या वर्षाच्या मुलांना विचारावं: लॅबमध्ये स्वतःच्या हाताने किती तास बसता? प्रोजेक्ट कुणी केला? डेटा स्ट्रक्चर कोण शिकवतं आणि कसं? ही तीन उत्तरं प्लेसमेंटच्या फ्लेक्सपेक्षा जास्त सांगतात.

उर्दू माध्यमाच्या मुलांना इंग्रजीचा धसका असतो. पहिलं सेमिस्टर जड जातं, खोटं कशाला सांगा. पण या विषयाची इंग्रजी मर्यादित आहे, तेच तीनशे-चारशे शब्द फिरून फिरून येतात, आणि प्रोग्रामिंगच्या भाषेत तर मोजकेच. अडतं ते बहुतेक वेळा गणितावर. आमचा अनुभव असा की अकरावीला "सोपं पडेल" म्हणून गणित सोडलेलं मूल पुढे रडतं. पुणे विद्यापीठाच्या बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सला बारावीचं गणित लागतं, इंजिनिअरिंगलाही लागतं, आणि एमसीएलाही बारावीत किंवा पदवीत कुठेतरी गणित असलेलं बरं. बायोलॉजी घ्यायची तर घ्या, पण गणित सोडू नका.

मुलींबद्दल दोन गोष्टी. "तिला कशाला चार वर्षं, एखादा कोर्स करू दे" हे वाक्य आम्ही अशा घरांतूनही ऐकतो जिथे मुलगी भावापेक्षा हुशार आहे. कोर्स तिला कामाला लावेल, हे खरं. पण कोर्सवर मिळणारं काम सगळ्यात आधी बदलतं, आणि लग्नानंतर दोन-तीन वर्षांचा खंड पडला तर परत येणं कठीण जातं. पाया पक्का असलेली मुलगी खंडानंतरही नवी साधनं शिकून उभी राहते. दुसरी गोष्ट पैशाची. २०२४-२५ पासून राज्य सरकारने ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे, प्रवेश सरकारी कॅप फेरीतून झालेला असेल तर. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या जागेला आणि खासगी विद्यापीठांना ते लागू नाही. मोमीन, पिंजारी अशा आपल्या अनेक बिरादऱ्या ओबीसीत येतात, आणि ज्या येत नाहीत त्यांना ईडब्ल्यूएसचा रस्ता आहे. अडचण एकच, दाखले वेळेत हवेत. जातीचा, उत्पन्नाचा, नॉन-क्रिमीलेअरचा अर्ज निकालानंतर नव्हे, बारावीच्या दिवाळीतच करावा.

बीसीएला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की २०२४ पासून तो अभ्यासक्रम एआयसीटीईच्या कक्षेत आला आणि त्याचीही सीईटी सुरू झाली आहे. पूर्वीसारखं निकालानंतर कॉलेजात जाऊन फॉर्म भरू असं म्हणून थांबलात तर वर्ष जाऊ शकतं. सीईटी सेलच्या वेबसाइटवर जानेवारीपासून नजर ठेवा. आणि फॉर्म भरताना नावाचं स्पेलिंग दहावीच्या मार्कशीटवर आहे तेच, अक्षर न् अक्षर, तसंच टाका.